आग बी खोठाली पोयठाम दाषी

जुनी पुस्तकं खाली काढली, तेव्हा त्यांच्या मागे एक वही अडकलेली होती. पुठ्ठा सुटलेला, कडा पिवळ्या पडलेल्या, आणि पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत ही ओळ. अक्षर माझंच. तो गोल गरगरीत ठ, शिरोरेघ शब्दाच्या पुढे थोडी ओढत नेण्याची खोड, सगळं माझं. ओळीचा अर्थ मात्र लागेना.

मग हळूहळू आठवलं. सहावीत असताना मी आणि माझी मैत्रीण ही वही एकमेकींना द्यायचो. एक दिवस ती लिहायची, एक दिवस मी. शब्दाआधी ‘च’ लावून बोलायची भाषा तोवर वर्गात सगळ्यांनाच येऊ लागली होती, त्यामुळे ती आमच्या कामाची राहिली नव्हती. आम्हाला दोघींपुरतीच लिपी हवी होती. एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर घालायचं, एवढं आठवलं. कोणाच्या जागी कोण, ते काही केल्या आठवेना. किल्ली कुठेही लिहून ठेवायची नाही, अशी आम्ही एकमेकींना शपथ घातली होती आणि दोघींनी ती पाळली होती. मैत्रिणीला विचारावं तर सातवीनंतर आमची गाठ पडलेली नाही.

त्या शपथेचा मला आज अभिमान वाटतो. १८८३ मध्ये ऑगस्ट केर्कहॉफ्स या भाषातज्ज्ञाने लष्करी गुप्तलेखनाचे नियम मांडले, त्यात हेच आहे. लिपीची पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुपित किल्लीत असावं, आणि ती किल्ली कागदावर न लिहिता ध्यानात ठेवता यावी. सहावीतल्या दोन मुलींना हे आपोआप सुचलं होतं. किल्लीच विसरली तर काय, याचा विचार आम्ही केला नव्हता, आणि केर्कहॉफ्सचे नियम तिथे कामाला येत नाहीत.

कुलूप माझंच होतं. ते मलाच फोडायचं होतं.

सगळ्यात जुनी आणि सोपी युक्ती म्हणजे अक्षरं सरकवणं. ज्युलियस सीझर खासगी पत्रांत काही झाकून लिहायचं असेल तर प्रत्येक अक्षराऐवजी त्याच्यापुढचं तिसरं अक्षर लिहायचा, असं त्याचा चरित्रकार स्विटोनियस सांगतो. आपल्या वर्णमालेत एकेक घर पुढे सरकलं की ‘कागद’चं ‘खाघध’ होतं. सीझरनंतर आलेला ऑगस्टस एकच घर सरकायचा, आणि वर्णमालेच्या शेवटच्या अक्षराला पुढचं घर उरलं नाही म्हणून तिथे पहिलं अक्षर दोनदा लिहायचा. रोमचा सम्राट कागदावर वाकून ते जोडाक्षर गिरवतोय, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. सत्ता कितीही मोठी असो, चार ओळी फक्त एकानेच वाचाव्यात असं वाटण्याची गरज सगळ्यांची तीच.

पण सरकवण्याची लिपी फार कच्ची. रोमन असो की आपली, वर्णमालेत जितकी घरं तितक्याच किल्ल्या. संयम असलेला माणूस एका संध्याकाळी सगळ्या लावून पाहतो. हे आम्हाला तेव्हाही कळलं होतं, एवढं मला पक्कं आठवत होतं. ‘हे कुणीही ओळखेल’ असं म्हणून आम्ही ती कल्पना सोडून दिली होती. म्हणून मी सरकवून पाहायच्या भानगडीत पडलेच नाही. ती चूक होती. पण त्याबद्दल पुढे.

सरकवण्याऐवजी अक्षरं हवी तशी मिसळली, तर आकडा एकदम हाताबाहेर जातो. आम्ही ङ आणि ञ सोडून ३२ व्यंजनं घेतली होती. ३२ व्यंजनांच्या जागी तीच ३२ व्यंजनं उलटसुलट लावायच्या रीती मोजल्या तर ३६ आकडी संख्या येते. एकेक रीत तपासत बसलं तर आयुष्य पुरणार नाही, कुणाचंच. या प्रचंड आकड्याच्या आधारावर राजेराजवाडे शेकडो वर्षं निर्धास्त झोपले. आपल्याकडेही ही कला जुनी आहे. कामसूत्रातल्या चौसष्ट कलांमध्ये ‘म्लेच्छितविकल्प’ ही एक, म्हणजे गुप्त लिहिण्या-बोलण्याची. टीकाकार यशोधराने तिचे प्रकार दिले आहेत. त्यातल्या मूलदेवीय प्रकारात अक्षरांच्या जोड्या लावून त्यांची आपसात अदलाबदल करतात. ख आणि ग एकमेकांच्या घरी, त आणि प एकमेकांच्या घरी. लिहायचं आणि उलगडायचं कोष्टक एकच, म्हणून लक्षात ठेवायला सोपं.

तो ३६ आकडी डोंगर भुईसपाट करणारा माणूस नवव्या शतकात बगदादमध्ये होऊन गेला. त्याचं नाव अल-किंदी. त्याने सांगितलेला मार्ग ऐकला की वाटतं, हे आपल्यालाही सुचलं असतं. पण ते सुचायला भाषेवर आणि गणितावर सारखंच प्रेम असावं लागतं. त्याचं म्हणणं असं. ज्या भाषेतला मजकूर असेल, त्याच भाषेतला दुसरा साधा मजकूर घ्या. त्यात कोणतं अक्षर किती वेळा येतं ते मोजा आणि क्रम लावा. मग गुप्त मजकुरातली चिन्हंही मोजा, त्यांचाही क्रम लावा. दोन्ही याद्या शेजारी ठेवा. अक्षराने वेष बदलला तरी त्याची वर्दळ बदलत नाही. इंग्रजीत ई हे अक्षर शंभरात साधारण बारा वेळा येतं. त्याच्या जागी चांदणी काढा, फुली काढा, काहीही काढा, ती चांदणी शंभरात बारा वेळा उगवणारच.

मी कागद-पेन्सिल घेऊन बसले आणि मोजायला लागले. पहिल्या चार पानांतच लक्षात आलं की आम्ही फक्त व्यंजनं बदलली होती. काना, मात्रा, वेलांट्या, अनुस्वार जागच्या जागी. अ, आ, उ हे स्वरही तसेच. सहावीतल्या आम्हाला वाटलं असणार, व्यंजनंच बदलली की झालं. पण मराठी शब्दाचा सांगाडा मात्रांचा असतो. कातडं बदललं तरी हाडं तीच राहतात.

बघता बघता एक शब्द डोळ्यांत भरला: ‘आषे’. जवळजवळ प्रत्येक दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याच्या शेवटी, पूर्णविरामाला खेटून. आ, मग काहीतरी, त्यावर एक मात्रा. मराठी माणसाला हा कोण ते सांगावं लागत नाही. ‘आहे’. म्हणजे ष हा ह. लगेच खाली ‘दाषी’. आता ष माहीत असल्याने ते ‘दाही’ किंवा ‘नाही’ झालं, आणि वाक्याच्या शेवटी बसणारं ‘नाही’च. द म्हणजे न. वाक्याच्या मध्यावर ‘आठि’ सारखा भेटत होता. तो ‘आणि’. ठ म्हणजे ण. तीन शब्दांत तीन अक्षरं हाती आली. मी उठून उभी राहिले, इतका आनंद झाला.

त्याहून गंमत जोडाक्षरांनी केली. वहीत जागोजागी विचित्र जोडण्या होत्या: ‘डिस्भा’, ‘बाघ्भा’, ‘ड्भा’. स्भ, घ्भ, ड्भ ही जोडाक्षरं आपण कधी लिहीत नाही. पण त्या सगळ्यांत दुसरा भिडू एकच, भ. अर्ध्या अक्षराला असं सारखं येऊन चिकटणारं मराठीतलं अक्षर कोणतं? य. च्या, ल्या, त्या, झ्या. भ म्हणजे य धरला आणि ‘बाघ्भा’ हळूच ‘माझ्या’ झाला, ‘डिस्भा’ झाला ‘तिच्या’. वाक्याच्या सुरुवातीला एकटा उभा असलेला ‘बी’ म्हणजे मी, हेही त्यातूनच आलं.

हे करताना मला सारखी स्कॉटलंडची राणी मेरी आठवत होती. इंग्लंडची राणी एलिझाबेथ हिच्या कैदेत अठरा वर्षं काढल्यावर १५८६ मध्ये तिला गुप्त पत्रं येऊ लागली. बिअरच्या पिंपाच्या बुचात लपवलेली. बॅबिंग्टन नावाचा तरुण तिला सोडवायचा आणि एलिझाबेथला मारायचा बेत लिहून कळवत होता. त्यांच्या लिपीत अक्षरांसाठी वेगळी चिन्हं होती, नेहमीच्या शब्दांसाठी वेगळी, आणि वाचणाऱ्याला चकवायला काही निरर्थक चिन्हंही पेरलेली. मेरीचा त्या चिन्हांवर विश्वास बसला. ती मोकळेपणाने लिहू लागली. पत्रं नेणारा मनुष्य वॉल्सिंगहॅम या मंत्र्याला फितूर होता, आणि वॉल्सिंगहॅमकडे टॉमस फेलिप्स नावाचा मोजणारा बसला होता. मेरीचा घात करणारं पत्र उलगडल्यावर फेलिप्सने नकलेवर फासाच्या खांबाचं चित्र काढलं. एवढ्यावर भागलं नाही. त्याने त्याच लिपीत पत्राला खोटा ताजा कलम जोडला, कटातल्या सहा जणांची नावं कळवा म्हणून. लिपी ज्याला वाचता येते त्याला लिहिताही येते, हे मेरीच्या आणि बॅबिंग्टनच्या ध्यानात आलं नसावं. ८ फेब्रुवारी १५८७ रोजी तिचा शिरच्छेद झाला.

मला त्या प्रकरणात सर्वांत जास्त लागतं ते हे की लिपी नसती तर मेरी सावध राहिली असती. उघड्या पत्रात तिने तसं काही लिहिलंच नसतं. कच्च्या कुलपाने तिला धीट केलं. आणि तिच्या लिपीची गोष्ट इथेच संपत नाही. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात भलत्याच विषयाच्या नावाखाली पडून राहिलेली तिची पन्नासहून अधिक पत्रं २०२३ मध्ये तिघा अभ्यासकांनी उलगडली. कैदेत असताना १५७८ ते १५८४ या काळात लिहिलेली. जे वाचलं जाऊ नये ते वाचलं गेलं आणि तिचा जीव गेला. जे तिच्या मनातलं होतं ते मात्र चारशे वर्षांहून अधिक काळ न वाचलेलं राहिलं. हे कळल्यावर मी बराच वेळ काही करू शकले नाही.

मोजणाऱ्यांना चकवायला पुढे एक सुंदर युक्ती निघाली. बेलासो या इटालियनाने १५५३ मध्ये ती छापली, नाव मात्र लागलं व्हिजनेर या फ्रेंचाचं. एकच सरकवणी सगळीकडे वापरायची नाही. एक शब्द किल्ली म्हणून घ्यायचा, त्याच्या पहिल्या अक्षराइतकं पहिलं अक्षर सरकवायचं, दुसऱ्याइतकं दुसरं, शब्द संपला की पुन्हा पहिल्यापासून. आता ‘नाही’ एका ठिकाणी एका वेषात, दुसऱ्या ठिकाणी वेगळ्याच. वर्दळ मोजून काही हाती लागेना. फ्रेंचांनी तिला ‘न उलगडणारी लिपी’ म्हटलं आणि तीनशे वर्षं ती बरीचशी तशीच राहिली.

तीही पुन्हा सवयीनेच फुटली. किल्लीचा शब्द तीन अक्षरी असेल तर ‘नाही’ला तीनच वेष मिळतात. मजकूर लांब असला की कधीतरी तोच शब्द किल्लीच्या त्याच अक्षराखाली येतो आणि तोच घोळका पुन्हा उमटतो. अशा घोळक्यांमधली अंतरं मोजून ताडून पाहिली की किल्लीची लांबी कळते, आणि लांबी कळली की उरतो सीझर. चार्ल्स बॅबेजने हे १८५४ च्या सुमाराला ओळखलं पण छापलं नाही. प्रशियाच्या सैन्यातल्या कासिस्कीने १८६३ मध्ये छापलं. खरोखर न फुटणारी लिपी एकच, ज्यात किल्ली मजकुराइतकीच लांब असते, पूर्ण स्वैर असते आणि एकदाच वापरून फाडून टाकतात. क्लॉड शॅननने ते पुढे गणिताने सिद्ध केलं. पण एवढी किल्ली आधी पोचवायची कशी, हा प्रश्न उरतोच. दोन मैत्रिणींच्या तर ते आवाक्याबाहेरचं.

माझी पहिली ओळ अजून पुरती लागली नव्हती. ‘आग मी खो…’ इथे अडले होते. आग म्हणजे काय? आत? आप? मग पुढची पानं चाळली आणि दिसलं की माझी प्रत्येक नोंद ‘आग’ने सुरू होते. अर्थात ‘आज’! वही लिहिणारी मुलगी दुसरं कशाने सुरुवात करणार? दुसऱ्या महायुद्धात एनिग्मा या गुप्तलेखनाच्या यंत्राचे जर्मन संदेश फोडताना इंग्लंडच्या ब्लेचली पार्कमधल्या माणसांनी अशाच ठरावीक शब्दांचा आधार घेतला होता. रोज ठरलेल्या वेळी हवामानाचा अहवाल निघायचा, त्यात ‘हवामान’ हा शब्द असणारच. एनिग्माचा आणखी एक स्वभाव त्यांना माहीत होता: ते यंत्र कोणतंही अक्षर स्वतःच्याच रूपात कधी बाहेर काढत नसे. त्यामुळे ओळखीचा शब्द मजकुराखाली सरकवत न्यायचा, आणि जिथे एखादं अक्षर जुळेल ती जागा बाद करायची. त्याच्याही आधी, १९३२ च्या डिसेंबरात, पोलंडचा गणिती रेयेव्हस्की या यंत्राच्या आत शिरला होता. जर्मन सैनिक संदेशाची खास किल्ली सुरुवातीला दोनदा पाठवत. चूक होऊ नये म्हणून घेतलेली ती काळजी. त्या दोनदाच्या काळजीतून त्याने यंत्राच्या चाकांची आतली जोडणी गणिताने काढली.

मी माझी यादी पूर्ण केली. क ते ळ वर लिहिलं, खाली वहीतली अक्षरं. ओळ उलगडली:

‘आज मी कोणाशी बोलणार नाही.’

कशावरून ते पुढच्या पानांवर आहे. इथे सांगत नाही, तेवढी शपथ अजून मोडवत नाही. आणि मग खालच्या रांगेकडे नीट पाहिलं. पहिली पाच अक्षरं विस्कटलेली, त्यानंतर वर्णमाला सरळ आपल्या क्रमाने, आधी येऊन गेलेली अक्षरं गाळत. म्हणजे आम्ही किल्लीचा शब्द आधी लिहून उरलेली अक्षरं त्यामागे उभी केली होती. रांगेचा मागचा अर्धा भाग, शेवटचं अक्षर सोडलं तर, नुसता दोन घरं मागे सरकलेला. मी सुरुवातीलाच सीझरची युक्ती लावून सगळं दोन घरं पुढे नेलं असतं, तर ‘आच मी घोढाशी बोलढार नाही’ असं आलं असतं आणि दोन मिनिटांत उमजलं असतं. पण तसं झालं असतं तर मी आषे, आठि, डिस्भा यांच्याशी इतकी बोलले नसते, म्हणून मला त्याची खंत नाही.

लिपी आणि संकेत यांत एक भेद आहे, तो इथे सांगायला हवा. लिपी अक्षराला अक्षर बदलते. संकेत अख्खा अर्थच दुसऱ्या कशात तरी ठेवतो. लाक्षागृहाकडे निघालेल्या युधिष्ठिराला विदुराने सगळ्यांदेखत धोका सांगितला, तो अशा कोड्यातल्या बोलण्यात की त्या दोघांपलीकडे कुणाला उमगला नाही. कुंतीलाही नंतर विचारावं लागलं, तो काय म्हणाला म्हणून. मोजणारा कितीही हुशार असो, विदुराचं ते बोलणं त्याला मोजता आलं नसतं. तिथे किल्ली म्हणजे दोन माणसांचा आजवरचा सहवास.

आणि काही लिप्या लपवण्यासाठी नसतातच. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पॉलिबियसने मशालींनी संदेश पाठवायची एक रीत वर्णिली. पाच ओळी, पाच रकाने, त्यांत अक्षरं. डावीकडे किती मशाली ती एक संख्या, उजवीकडे किती ती दुसरी, की अक्षर सापडलं. दोन हजार वर्षांनी, १९६५ मध्ये, व्हिएतनाम युद्धात, हनोईच्या हुआ लो तुरुंगात एकएकट्या कोठडीत टाकलेले अमेरिकी वैमानिक त्याच चौकटीने भिंतीवर टकटक करत बोलू लागले. आधी ओळीचे ठोके, मग रकान्याचे. एच म्हणजे दोन ठोके, थांबून तीन. बोलायला बंदी, चेहरा दिसत नाही, नाव फक्त टकटकीतून कळलेलं. रात्री झोपण्याआधी ते भिंतीतून तीन अक्षरं पाठवायचे, ‘देव तुझं भलं करो’ या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं. पहारेकऱ्याला ते कळलं असतं तरी त्यात चोरण्यासारखं काही नव्हतं.

किल्लीची पाच अक्षरं मी कागदाच्या कोपऱ्यात वेगळी लिहिली. ख, ळ, च, त, स. मात्रा नाहीत, नुसती व्यंजनं. दोन-तीनदा पुटपुटली. ख ळ च त स. आणि एकदम शब्द आला, जसा आडवळणावर अचानक कुणी ओळखीचं भेटावं. खेळाचा तास.

पहिल्या नोंदीच्या खाली, दुसऱ्या दिवसाच्या जागी, तिचं अक्षर आहे. माझ्यापेक्षा बारीक आणि उजवीकडे कललेलं. मी माझं सगळं उलगडून झाल्यावर तिथे आले. दोनच वाक्यं. ‘मुशू दखोश. उण्भा भे.’ कोष्टक शेजारी होतंच. म चा र, श चा स, द चा न, ख चा क. एकेक अक्षर मी मूळ जागी नेऊन ठेवलं.

‘रुसू नकोस. उद्या ये.’